नेट गेलं ते चार दिवस

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



कमिटीनं मला विषय दिला होता 'सोसायटीची पंचवीस वर्षं'. पण माझ्या आधी तिघं बोलले. प्लॉट कसा मिळाला, बोअरला पाणी कितव्या फुटाला लागलं, पहिल्या गणपतीची वर्गणी किती होती, सगळं सांगून झालं. माझ्यासाठी शिल्लक काही ठेवलेली नाही. आता सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला शिल्लक नसेल तर काय करायचं ते शिकवावं लागत नाही. मी पंचवीस वर्षांऐवजी फक्त चार दिवसांबद्दल बोलणार आहे. पंचवीस वर्षं म्हणजे नऊ हजार एकशे एकतीस दिवस, घरून हिशेब करून आलोय. त्यातले चार.

मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४. कार्तिकीची गर्दी ओसरलेली. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास आपल्या तिन्ही विंगची दारं एकामागून एक उघडायला लागली. कोणाची मालिका अडकली होती, कोणाच्या नातवाचं कार्टून, कोणाची पुण्याच्या ऑफिसबरोबरची मीटिंग. जिन्यात उभं राहून सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते, "तुमच्याकडं आहे का?" एवढी माणसं जिन्यात मी लॉकडाऊननंतर पहिल्यांदाच बघितली.

प्रत्येकाच्या घरात त्या पांढऱ्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत होता. लाल दिव्याची गाडी सरकारनं २०१७ साली बंद केली, तो दिवा आता घराघरांत आलाय म्हणा. फरक एवढाच की पूर्वी लाल दिवा दिसला की कोणीतरी मोठं माणूस आलंय असं समजायचं, आता समजायचं की कोणीतरी गेलंय.

काय गेलं होतं ते नंतर कळलं. पलीकडच्या रस्त्याला कोणाच्या तरी पाइपलाइनसाठी जेसीबीनं चर खणला, आणि त्यात केबल तुटली. कोणाची पाइप, कोणाचा जेसीबी, त्यात मी पडत नाही. पण शनिवारी ती जोडताना मी तिथं दोन तास उभा होतो, निवृत्त माणसाला दुसरं काय काम, आणि जे बघितलं ते सांगण्यासारखं आहे. बोटाएवढी जाड काळी केबल. तिच्या पोटात रंगीत धागे, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे. प्रत्येक धागा म्हणजे केसाएवढी काच. आपलं सगळं, म्हणजे नातवाचं कार्टून, तुमची मीटिंग, माझं पासबुक, त्या काचेतून उजेड बनून धावतं. जोडणारा मुलगा असेल बावीस-तेवीस वर्षांचा. त्यानं आधी एका यंत्रातून काचेत उजेड सोडला. तो जिथं तुटलंय तिथून परत फिरतो आणि यंत्र सांगतं, इतक्या मीटरवर तुटलंय. मग दोन्ही टोकं पुसायची, सरळ कापायची आणि छोट्या पेटीत समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीनं वितळवून एक करायची. निळ्याला निळा, हिरव्याला हिरवा. मुलगा गुडघ्यावर बसून, कपाळावरचा घाम धाग्यावर पडू नये म्हणून मान वाकडी करून काम करत होता. आपल्याकडच्या सोनाराला शोभेल असा हात होता त्याचा.

हे शनिवारी. मधले दिवस कसे गेले ते ऐका.

पहिल्या रात्री आपण म्हणालो, वायफाय गेलं तर जाऊ दे, मोबाईलचं नेट आहे. तेही नव्हतं. कधी मधेच एखादी काडी यायची आणि जायची. बऱ्याच जणांना वाटलं, सगळ्या कंपन्यांनी मिळून संप केला की काय. त्याचं कारणही त्या चरातच होतं. मोबाईल हवेतून चालतो हे खरं, पण फक्त आपल्या हातापासून टॉवरपर्यंत. टॉवरपासून पुढं बहुतेक ठिकाणी तो असाच जमिनीखालच्या काचेतून जातो. आणि रस्त्याच्या कडेला जागा ती एकच, त्यामुळं सगळ्यांच्या केबली शेजारी शेजारी पुरलेल्या. आपण घरात दोन कंपन्यांची दोन कार्डं ठेवतो आणि निर्धास्त होतो. दोन दोऱ्या आहेत खऱ्या, पण दोन्ही एकाच खुंटीला बांधलेल्या.

तक्रार करायला गेलो तर तक्रार ॲपवर करा म्हणाले. ॲप उघडायला नेट पाहिजे. सेक्रेटरी साहेबांनी रात्री आठ वाजता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला, 'नेट बंद आहे, सहकार्य करावे'. तो निरोप आपल्याला शनिवारी दुपारी तीन वाजता मिळाला. (हशा.) साहेब, हसू नका, तुम्ही एकटे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळ्या जगात सहा तासांच्या आसपास बंद पडलं होतं, आठवतंय का? नेहमीच्या देखभालीचं काम चालू असताना चुकीचा हुकूम दिला गेला आणि त्यांची सगळी केंद्रं एकमेकांपासून तुटली. दुरुस्तीला वेळ का लागला, तर दुरुस्तीची त्यांची आतली साधनंही त्याच जाळ्यावर चालत होती. शेवटी माणसं जागेवर पाठवावी लागली. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या कंपनीची जी गत, तीच आपल्या सेक्रेटरींची. किल्ली आत राहिली आणि कुलूप लागलं.

बुधवारी मतदान. मतदान केंद्रातली खोली कोणती, यादीत नंबर कितवा, हे आताशा सगळे मोबाईलवर बघतात. ज्यांनी घरी आलेली कागदी चिठ्ठी नीट ठेवली होती ते सरळ गेले. बाकीचे शाळेबाहेरच्या टेबलांवर छापील याद्या घेऊन बसलेल्या पोरांपुढं रांगेत. त्या दिवशी त्या पोरांना जो भाव होता तो उमेदवारालाही नसेल.

मग पैसे. आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला तो बोलणारा डबा, 'इतके रुपये प्राप्त झाले' म्हणणारा, मुका झाला. मला त्या दिवशी कळलं की आपल्या सोसायटीत चांगल्या चांगल्या घरांत रोख रक्कम तीनशे-साडेतीनशेच्या वर नव्हती. एकाकडं तर फक्त देवापुढचे अकरा रुपये. एटीएमला रांग लागली, त्यातलं एक एटीएमही दुपारपर्यंत बंद. दुकानदारानं काय केलं? गल्ल्याखालून जुनी लाल वही काढली, पानाच्या वर 'श्री' लिहिलं आणि नावं मांडायला सुरुवात केली. त्याच्या वडिलांच्या हातची वही, अर्धी कोरी होती. ज्यांना तो चेहऱ्यानं ओळखतो त्यांना उधार मिळालं. गेल्या वर्षभरात भाड्यानं राहायला आलेली दोन कुटुंबं आहेत, रोज त्याच दुकानात स्कॅन करून माल नेणारी. त्यांच्यापुढं तो जरा घुटमळला. मोबाईल त्यांना ओळखत होता, दुकानदार ओळखत नव्हता. मग शेजारच्या ताई पुढं झाल्या, "लिव्हा ओ माझ्या नावावर," म्हणाल्या. मिटलं.

गुरुवारी आम्हा पेन्शनरांची पाळी. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. २०१४ पासून तो दाखला ऑनलाइन देता येतो, आता तर मोबाईलसमोर चेहरा धरला की काम होतं. सोय उत्तम आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तर वरदानच. पण आपल्यातले एक गृहस्थ तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोबाईलसमोर चेहरा धरून गच्चीवर उभे. खाली येऊन मला म्हणाले, "मी जिवंत आहे हे कुठं सांगू?" मी म्हटलं, चला बँकेत, कागदाचा फॉर्म अजून चालतो, सही करा, अधिकारी समोर बघून घेतील. ते म्हणाले, "असं पण चालतं?" अहो, आधी असंच चालायचं!

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. त्यांना विचारूनच सांगतोय. त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत.

आपल्या सी विंगमधल्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, इथल्या निम्म्या पोरांना पाढे त्यांनी शिकवलेत. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकट्या. मुलगा जर्मनीत. रोज रात्री साडेनऊला त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तिकडं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. बाई नऊ वाजता जेवण आटोपून, पदर सारखा करून, फोन डब्याला टेकवून बसतात. पाच वर्षांत तो कॉल चुकलेला नाही.

मंगळवारी फोन वाजला नाही. बुधवारी नाही. गुरुवारी नाही.

बुधवारी सकाळी वॉचमननं सगळ्यांना विचारलं होतं, कोणाकोणाचं नेट गेलंय. बाईंनाही विचारलं. बाई म्हणाल्या, "मी कुठं नेट वापरते बाबा? मला फक्त मुलाचा फोन येतो."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. बाईंच्या घरात डबा मुलानं बसवला, पैसे मुलगा भरतो, त्या डब्याला बाई 'दिव्याची पेटी' म्हणतात आणि रोज तिच्यावरची धूळ पुसतात. नेट म्हणजे शेजारची पोरं रात्रभर बघत बसतात ते, अशी त्यांची समजूत. आपण सगळे जिन्यात उभे राहून नेट-नेट करत होतो ते त्या ऐकत होत्या. पण ते आपल्याबद्दल चाललंय असं त्यांना वाटायचं कारणच नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं घडलं ते एवढंच, की मुलाचा फोन आला नाही. सोमवारी बोलताना घर विकण्यावरून दोघांत थोडं कमी-जास्त झालं होतं. बाईंनी मनात घेतलं, रागावला. तीन रात्री त्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर बसल्या. कोणाला विचारलं नाही. माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही, हे शेजारी जाऊन कसं विचारायचं?

तिकडं मुलाची काय अवस्था? व्हॉट्सॲप लागत नाही. साधा फोन लावावा तर बाईंच्या कार्डाची मुदत संपून दोन महिने झालेले, येणारे फोनही बंद. घरात वायफाय असल्यामुळं ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लँडलाइन होती ती काढून सहा वर्षं झाली. आणि सोसायटीतल्या एकाही माणसाचा नंबर त्याच्याकडं नाही. होता तो ग्रुपमध्ये, आणि ग्रुप बंद. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, एकटी, तीन दिवस पत्ता नाही. त्यानं काय काय विचार केले असतील ते ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी स्वतःच ठरवावं. नात्यातल्या चार-पाच जणांना फोन करत करत गुरुवारी रात्री त्याला बार्शीच्या चुलतभावाचा नंबर मिळाला. तो कामानं लातूरला होता. शुक्रवारी पहाटे निघून, मोटरसायकलवर, नोव्हेंबरच्या थंडीत, सकाळी सातला आपल्या गेटवर. वॉचमननं नाव विचारलं तर म्हणे त्याला बोलता येईना, नुसतं बोट वर करून म्हणाला, "काकू... काकू कशा आहेत?"

काकू तुळशीला पाणी घालत होत्या.

तो पुतण्या त्यांना मोटरसायकलवर बसवून बार्शी रस्त्याला रेंज येईल तिथपर्यंत घेऊन गेला. रस्त्याच्या कडेला उभं राहून कॉल लावला. तिकडं रात्रीचे तीन वाजले होते, पहिल्या घंटीला उचलला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बाईंनी मला एवढंच सांगितलं, "रागावला नव्हता हो तो. तुमची ती तार तुटली होती."

तार! त्या शब्दावरून थोडं मागं जातो, मग पुन्हा मुद्द्यावर येतो.

मी १९७४ साली नोकरीला लागलो तेव्हा परगावी तातडीनं पैसे पाठवायचे तर टीटी करायचे, तारेनं. लातूरच्या ग्राहकानं पैसे भरले की तिथून पोस्टाच्या तारेनं आमच्या शाखेला निरोप यायचा, त्यात रक्कम आणि एक गुप्त आकडा. मॅनेजरनं कपाटातून सायफरचं पुस्तक काढायचं, आकडा जुळवायचा, जुळला तरच पैसे द्यायचे. आणि एवढं झाल्यावरसुद्धा मागाहून पोस्टानं त्याच व्यवहाराचा कागद यायचा आणि तो तारेशी पडताळून फाइलला लागायचा. म्हणजे तारेवर विश्वास, पण एकट्या तारेवर नाही. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. रात्री तारवाल्याची सायकल दारात थांबली की घरातल्या बायका आधी रडायला लागायच्या आणि मग तार वाचायच्या. ट्रंक कॉल लावून दिवसभर पोस्टात बसलेल्यांना विचारा जुने दिवस किती सोन्याचे होते ते.

पुढं संगणक आले, मग कोअर बँकिंग आलं आणि त्याबरोबर आपल्या भाषेत एक नवा शब्द आला, 'लिंक'. खेड्यातला म्हातारा दारातूनच विचारायचा, "सायेब, लिंक हाय का?" लिंक नसेल तर आल्या पावली परत. वीस किलोमीटरवरून एसटीनं आलेल्या माणसाला परत पाठवणं मला कधी जमलं नाही. आमच्या शाखेत मी पद्धत ठेवली होती, रोज संध्याकाळी निराधार आणि पेन्शनच्या खात्यांची शिल्लक छापून ठेवायची. सकाळी लिंक नसली तर त्या यादीवर बघून, सही पडताळून, थोडी रक्कम द्यायची आणि लिंक आल्यावर नोंद करायची. रोजचे चार-पाच कागद जायचे. कॉम्प्युटर शिकून आलेली तरुण पोरं हसायची, म्हणायची, साहेबांचा कॉम्प्युटरवर भरवसा नाही. ज्या दिवशी दोन दिवस लिंक गेली त्या दिवशी त्यांनीच ती यादी मागून घेतली.

आणि लिंक काही फक्त आपल्या गल्लीत तुटते असं नाही. ३१ जुलै २०२४ ला, म्हणजे आपल्या त्या मंगळवारच्या साडेतीन महिने आधी, देशातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांचे, त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका आल्या, ऑनलाइन व्यवहार एकाएकी थांबले. त्या बँकांना संगणक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर सायबर हल्ला झाला होता, तो पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं तिला तात्पुरतं वेगळं काढलं. दुसऱ्या दिवशी सुरळीत झालं. ग्राहकाच्या गावात काही तुटलं नव्हतं, बँकेतही नाही. २००८ च्या जानेवारीअखेर तर इजिप्तजवळ अलेक्झांड्रियाच्या समुद्रात केबली तुटल्या आणि भारतातलं नेट रखडलं. बाईंच्या मुलाचा चेहरा जर्मनीहून येतो तो उपग्रहावरून येतो असं आपल्याला वाटतं. तो येतो समुद्राच्या तळावरून, मुंबईच्या किनाऱ्याला लागतो, आणि तिथून जमिनीखालून कुर्डुवाडीपर्यंत. एवढा प्रवास करून शेवटच्या तीनशे मीटरला जेसीबी आडवा आला.

आपल्या गावाला 'लाइन' हा शब्द कोणी समजावून सांगायची गरज नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे इथून सुटली, तेव्हा या स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. अडीच फुटी रूळ, पुढं पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत. इथं बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत कोणीतरी रेल्वेत किंवा वर्कशॉपला होतं. त्या गुरुवारी रात्री जिन्यात गप्पा मारताना आपल्या ए विंगच्या निवृत्त गार्डसाहेबांनी एक गोष्ट सांगितली. एकेरी लाइनवर दोन स्टेशनांमधलं ब्लॉकचं यंत्र बिघडलं तर गाडी कायमची उभी राहत नाही. स्टेशन मास्तर फोनवर पुढच्या स्टेशनशी बोलतो आणि ड्रायव्हरला कागदावर परवानगी लिहून देतो, पेपर लाइन क्लिअर. आणि फोनसुद्धा बंद, सगळंच बंद, तर? तर एक इंजिन एकटंच, अगदी हळू, पुढच्या स्टेशनला पाठवतात. माल नाही, प्रवासी नाही. नुसतं बोलणं पुन्हा सुरू करायला. कोणत्या वेळी कोणता कागद द्यायचा हे पुस्तकात आधीच छापलेलं असतं, तेव्हा सुचावं लागत नाही.

मला ते ऐकून आपला तो बार्शीचा पुतण्या आठवतो. तो ते एकटं इंजिन होता. पण त्याला पाठवायला तीन दिवस लागले, कारण आपल्याकडं पुस्तकात काही छापलेलं नव्हतं.

इथं कोणी म्हणेल, बघा, मोबाईलनं माणसं बिघडवली, आता आठवड्यातून एक दिवस नेट बंद ठेवा. मागं एकदा तसा ठरावही आला होता. मी त्याच्या विरुद्ध आहे. बाईंना रोज मुलाचा चेहरा दिसतो, हे पूर्वीच्या कोणत्या आईला मिळालं होतं? माझं म्हणणं साधं आहे. नळाला रोज पाणी येत नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण जमिनीखाली टाकी बांधली, गच्चीवर टाकी बांधली, शिवाय घरात पिंप भरून ठेवतो. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला, लिफ्टला बॅटरी घेतली, त्यासाठी दोन सर्वसाधारण सभा भांडून काढल्या. पाणी नाही, वीज नाही, असे दिवस आपण गृहीत धरलेत. नेटचं मात्र आपण असं धरून चाललोय की ते हवेसारखं आहे, असणारच. मग त्याची टाकी कुठंय?

टाकी म्हणजे मोठं काही नाही. दोन-चार हजार रुपये रोख घरात असू द्या, हे मी बँकेचा माणूस असूनही सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कार्डाची मुदत आजच रात्री बघा, नेट लागत नसलं तरी साधा फोन लागला पाहिजे, आणि मुलाबाळांचे निदान दोन नंबर फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. *९९# म्हणून एक सोय आहे. साध्या फोनवरून, नेट नसताना, पाच हजारांपर्यंत पैसे पाठवता येतात, फक्त खात्याला जोडलेलं कार्ड चालू पाहिजे. ज्यांना शिकायची असेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडं या, चहा मिळेल. सोसायटीच्या ऑफिसात दुसऱ्या वाटेनं येणारी एक लाइन घ्यावी असं मी कमिटीला लेखी दिलंय. घेताना विचारायचं कंपनीचं नाव नाही, केबल कोणत्या रस्त्यानं येते ते.

आणि मुख्य म्हणजे नंबरांचं पुस्तक. आपल्याकडं सभासदांचं रजिस्टर आहे, शेअर सर्टिफिकेटचं रजिस्टर आहे, पार्किंगवरून कोर्टापर्यंत जाता येईल एवढे कागद आहेत. पण अमक्या फ्लॅटमधल्या माणसाला काही झालं तर परगावच्या कोणाला कळवायचं, आणि परगावच्या माणसानं इथं कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर कुठंही नाही. तो कागद करायचा. प्रत्येक मजल्यावर एक घर ठरवायचं. लाइन गेली की त्या घरच्या माणसानं मजल्यावरच्या प्रत्येक दाराची कडी वाजवायची. 'तुमचं नेट गेलंय का' असं नाही विचारायचं. 'काल तुमच्या मुलाचा फोन आला का' असं विचारायचं. सी विंगच्या दुसऱ्या मजल्याचं घर कोणतं ते ठरलंय, बाईंनी स्वतःहून नाव दिलंय. म्हणाल्या, "हजेरी घ्यायची मला सवय आहे."

शनिवारचं राहिलंच. मतमोजणीचा दिवस, आणि नेटवर चालणारे सगळे टीव्ही बंद. आपल्या बी विंगच्या नानांनी गच्चीवरची जुनी छत्री काढली नव्हती, घरातले रोज म्हणायचे भंगारात द्या. सकाळी आठपासून नानांच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं, चपला जिन्यापर्यंत. तीन पक्षांची माणसं एका सोफ्यावर, पोह्यांची पातेली तीन घरांतून. जो पुढं त्यानं पोहे वाढायचे असा नियम निघाला. दुपारी तीनला कोणाच्या तरी खिशातला फोन टुंग करून वाजला, मग दुसरा, मग सगळेच. चार दिवसांचे निरोप एकदम आले. पाचच मिनिटांत हॉल रिकामा, आणि नाना रिमोट हातात घेऊन एकटे.

तर ते छापील फॉर्म बाहेर टेबलावर ठेवले आहेत, चहाच्या शेजारी. फ्लॅट नंबर, घरातल्यांची नावं, परगावच्या दोघांचे फोन, एवढंच भरायचं. स्कॅन करायला काही ठेवलेलं नाही, पेननंच भरायचे. पेन नसेल तर माझ्याकडं दोन आहेत, दोन्हींना बँकेसारखी दोरी बांधलीय.